नोंद क्रमांक ४१२८

हे सगळं खरं आहे. ऐकीव नाही, कुणाच्या मित्राच्या मावसभावाचं नाही. माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलेलं आहे.

ज्यांना काळोखी रात्र, पडका बंगला वगैरे हवं असेल त्यांनी इथेच थांबावं. यात रात्र नाहीच. जे घडलं ते भर दुपारी घडलं. बारा वाजून चाळीस मिनिटांनी. प्लेवेन शहरात, चपलांच्या बंद पडलेल्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या ऑफिसात.

आणि भीतीचं म्हणाल तर भीती मला बरीच नंतर वाटली. आधी आली ती किळस. अजून येते. त्यातली निम्मी माझी मलाच येते.

मी नेवेना. आमची कंपनी लहान, आठ माणसांची. आम्ही शीतगृहांचं सॉफ्टवेअर करायचो. आत थंडी किती आहे, दार उघडं की बंद, वीज गेली तर घंटा कधी वाजवायची, असली कामं. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे शहराबाहेरचा मांसाचा कारखाना. तिथे माणूस उभा राहील एवढ्या सहा कोठ्या आहेत. आत उणे वीस.

या सॉफ्टवेअरचं मॅन्युअल लेल्या रूझा लिहायच्या. लेल्या म्हणजे मावशी. एकसष्ट वर्षांच्या बाईला आम्ही नुसत्या नावाने हाक मारत नाही.

मॅन्युअल लिहिणाऱ्या माणसाला सहसा खुर्चीतून उठायचा कंटाळा असतो. मी त्यांच्या हाताखाली तेच काम करायचे, मला आहे. लेल्या रूझांना नव्हता. त्या कारखान्यात जाऊन प्रत्येक बटण स्वतः दाबून बघायच्या आणि मगच लिहायच्या.

चार नंबरची कोठी सगळ्यात जुनी. वीज जाऊन परत आली की तिथे सॉफ्टवेअरचा गोंधळ व्हायचा. दार बंद असलं तरी त्याला ते उघडंच वाटायचं. मग आतलं बटण चालायचं नाही. घंटाही वाजायची नाही.

आत माणूस असला तर तो आतच.

हे लेल्या रूझांना कसं कळलं? त्या स्वतः आत अडकल्या. वीस मिनिटं. दाराच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, पत्र्यामागे एक लोखंडी खिट्टी आहे. ती डावीकडे फिरवून ओढली की दार सुटतं. लाथा मारून पत्रा वाकवून त्यांनी ती शोधून काढली. त्यात त्यांच्या उजव्या हाताची करंगळी कायमची बधिर झाली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन त्यांनी मॅन्युअलमध्ये एक पान लिहिलं. 'कोठी क्रमांक चार : आत अडकल्यास काय करावे.'

आमचा मालक कामेन तेव्हा म्हणाला होता, "पुढच्या आवृत्तीत हा दोष काढून टाकू." ती पुढची आवृत्ती अकरा वर्षांत आली नाही. पान होतं, म्हणून चालून गेलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या धंद्यात कोणी काहीही बदललं की त्याची नोंद राहते. कोणी बदललं, कधी बदललं, आणि सोबत स्वतःच्या शब्दांत एक ओळ. आमच्या जुन्या यंत्रणेत या नोंदींना साधे क्रमांक असायचे. एक, दोन, तीन, असे चढत जाणारे. लेल्या रूझांच्या प्रत्येक नोंदीत शेवटी एकच वाक्य असायचं.

"वाचा. मग करा."

आम्ही त्यावरून त्यांची टिंगल करायचो. कोणी कॉफीच्या मशीनमध्ये नाणं टाकायला गेलं की मागून कोणीतरी म्हणायचं, "वाचा. मग करा." त्याही हसायच्या.

लेल्या रूझा नोव्हेंबरात गेल्या. जिन्यात, हातात लोणच्यासाठी घेतलेल्या कोबीची पिशवी. मेंदूत रक्तस्राव. ऑफिसच्या काचेच्या दारावर त्यांच्या निधनाचा कागद लागला. वर फोटो, खाली नाव, खाली वय. आमच्या रीतीप्रमाणे चाळिसाव्या दिवशी त्यांची बहीण सगळ्यांसाठी उकडलेला गहू घेऊन आली. प्लास्टिकच्या पेल्यात, वर पिठीसाखर.

"खा, पोरी," ती म्हणाली. "आणि देव तिला क्षमा करो म्हण."

मी म्हटलं. पण खाल्लं नाही. मला तो चिकट गहू कधीच आवडला नाही. पेला मी फ्रिजमध्ये मागे सरकवला आणि विसरून गेले.

फेब्रुवारीत कामेनने ठरवलं की जुनी यंत्रणा बंद करायची आणि सगळं नव्या यंत्रणेत न्यायचं. त्यासाठी एक यादी करावी लागते. जुन्या नोंदींमध्ये जी जी नावं आहेत, त्या प्रत्येकासमोर त्या माणसाचं पूर्ण नाव आणि ईमेल लिहायचं. एक जरी नाव राहिलं तरी सगळं काम अडतं.

लेल्या रूझांच्या नावापाशी अडलं. त्यांचा ईमेल कामेनने त्या गेल्या त्याच आठवड्यात बंद करून टाकला होता. संध्याकाळ होत आली होती. मला घरी जायचं होतं.

मी त्यांच्या नावासमोर माझं नाव लिहिलं.

दोन मिनिटांत सगळं पार पडलं. अकरा वर्षांचं त्यांचं काम नव्या यंत्रणेत माझ्या नावावर उतरलं. कामेनने स्क्रीन बघितली आणि म्हणाला, "वा. अकरा वर्षांचा अनुभव फुकटात पदरात पडला की तुझ्या."

मी हसले. हे मी विसरू शकत नाही, मी हसले होते.

जुनी डिस्क काढून मी पिशवीत घातली. वर चिठ्ठी चिकटवली. 'जुनी यंत्रणा. बंद केली १२ फेब्रुवारी. शेवटची नोंद ४१२७.' पिशवी मागच्या कपाटात ठेवली. तिथेच लेल्या रूझांचा कीबोर्ड होता, स्वतःच्याच वायरने गुंडाळलेला.

मग माझं खरं काम सुरू झालं. मॅन्युअलची तीनशे चाळीस पानं. प्रत्येक पानावर 'नोंद क्रमांक अमुक पाहा' असं लिहिलेलं. नव्या यंत्रणेत ते क्रमांकच उरले नव्हते. त्यांच्या जागी प्रत्येक नोंदीला अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक माळ मिळालेली. मी एकेक जुना क्रमांक काढून नवा पत्ता घालत बसले. कंटाळवाणं काम, पण डोक्याला ताप नाही.

पाच मार्चला, गुरुवारी सकाळी, कामेन माझ्या टेबलाशी आला. मनगटावर आमच्याकडे मार्चभर बांधतात तो लाल-पांढरा दोरा, तोंडात च्युइंगगम.

"नेवे, ते कोठी चारचं पान काढून टाक."

"तो दोष अजून तसाच आहे, कामेन."

"मी कुठे नाही म्हणतोय? पण गावभर सांगत सुटायची गरज आहे का? एकोणीस तारखेला बाहेरच्या देशातलं गिऱ्हाईक कारखाना तपासायला येतंय. मॅन्युअल मागणार. आणि त्यात आपणच लिहून ठेवलंय की आपली घंटा वाजत नाही. ते काय टाळ्या वाजवणार आहेत?"

"आत कोणी अडकलं तर?"

"अकरा वर्षांत कोण अडकलं? एक ती म्हातारी. आणि ती पण आपल्या पायाने गेली होती. हौस तिची."

तो बोलत होता आणि च्युइंगगम त्याच्या दातांमधून पांढरं पांढरं दिसत होतं. मला त्याची शिसारी आली.

पण पान मीच काढलं. मला मॅन्युअल विभागाची प्रमुख करायचं चाललं होतं. विभागात मी एकटीच होते, तरी मला प्रमुख व्हायचं होतं.

दहा वाजता पान काढलं. साडेबाराला कामेन आणि मी कोपऱ्यावर आतड्याचं सूप खायला गेलो. लसूण, व्हिनेगर, तिखट, सगळं नेहमीचं. एक वाजता परत आलो.

दार उघडलं आणि...

वास.

मांस सडल्याचा वास. गोडसर. उन्हाळ्यात फ्रिज बंद पडला की येतो ना, तो. जिभेवर बसतो.

"कुणी काय आणलंय?" कामेन नाक दाबत म्हणाला.

ऑफिसात कोणीच नव्हतं. सगळे जेवायला गेले होते. माझा कॉम्प्युटर मी बंद करून गेले होते. तो चालू होता.

आणि पान परत आलेलं होतं.

जसंच्या तसं. नोंद माझ्या नावाने. वेळ बारा चाळीस. खाली एक ओळ...

"वाचा. मग करा."

"बारा चाळीसला तू माझ्यासमोर बसून सूप ओरपत होतीस," कामेन म्हणाला. "कुणीतरी तुझा पासवर्ड चोरलाय. बदल लगेच." मी बदलला. मग आम्ही वास शोधायला लागलो. कचऱ्याचा डबा, खिडकीमागची फट, सगळं पाहिलं. शेवटी फ्रिज. मागे तो पेला सापडला, चाळिसाव्या दिवसाचा. गव्हावर हिरवी लव आली होती, बोटभर उंच, आणि खाली काळं पाणी सुटलं होतं. मी तो संडासात ओतला आणि तिथेच ओकले. दुपारचं सूप सगळं बाहेर आलं.

वाटलं, चला, सुटलो.

वास गेला नाही.

सोमवारी मी पान पुन्हा काढलं. या वेळी जेवायला गेले नाही. टेबलाशीच बसून राहिले. सगळे निघून गेले. रेडिओ मीच बंद केला. रस्त्यावर ट्रॉलीबस गेली, मग तीही ऐकू येईनाशी झाली.

बारा चाळीस.

मागून आवाज आला... टक, टक, टक.

कीबोर्डचा आवाज. जोरात दाबून मारलेली बटणं. चार वेळा टकटक, मग मध्ये एक जागा रिकामी. पुन्हा चार, पुन्हा रिकामी.

असं टाईप करणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली आहे. करंगळी चालत नसल्यामुळे तिथे त्यांचा हात अडायचा.

आवाज कपाटातून येत होता.

मी उठून कपाट उघडलं. का उघडलं विचारू नका. आवाज थांबला. कीबोर्ड होता तिथेच होता, वायरने गुंडाळलेला, कशालाही न जोडलेला. शेजारी डिस्कची पिशवी. पण बटणांवर काहीतरी पांढरं होतं. मी बोट लावलं.

चरबी.

गोठलेली, गार चरबी. थंडीत पातेल्यात सुपावर साय धरते तशी. बटणांच्या फटींमध्ये गच्च भरलेली. आणि तिलाच तो वास होता. मी तीनदा साबण लावला, तरी बोट दिवसभर बुळबुळीत वाटत राहिलं. त्या हाताने मला ब्रेडसुद्धा धरवेना.

टेबलाशी परत आले. पान परत आलं होतं.

कामेन जेवून आला आणि सरळ माझ्यावर घसरला.

"तूच करतेयस हे."

"मी नाही."

"मग काय भूत करतंय? नाव तुझं, मशीन तुझं. तुला काढायचं नसेल तर सरळ सांग, दुसरी कोणीतरी प्रमुख होईल. एकोणीसच्या आत ते पान गेलं पाहिजे. मुळासकट."

मुळासकट. नव्या यंत्रणेत तेही करता येतं. नुसतं पान नाही, ते कधी होतं याच्या सगळ्या नोंदीसुद्धा उपटून टाकता येतात. असं काही कधी लिहिलंच गेलं नव्हतं असं होऊन जातं. आमच्यात हे काम कोणी हौसेने करत नाही.

बारा मार्चला मी ते केलं.

बारा चाळीसपर्यंत बसून राहिले. एक वाजला. दोन वाजले. काही नाही. पान आलं नाही. कपाट गप्प. आणि वास... वास गेला होता. खिडकीतून साधी गार हवा आली. मला हायसं वाटलं. त्या दिवशी मी दोन बनित्सा खाल्ल्या, तुपकट, चीज भरलेल्या, आणि मला त्या गोड लागल्या.

दुसऱ्या दिवशी नवीन मॅन्युअल छापून मी कारखान्यात द्यायला गेले. तिथे कोठ्यांचं काम चिचो दान्यो बघतात. चिचो म्हणजे काका. साठीच्या पुढचे, मिशा पिवळ्या झालेल्या, कानटोपी उन्हाळ्यातही उतरत नाही. तेव्हा त्यांना तिथे तीनच वर्षं झाली होती.

त्यांनी अंगठा ओला करून पानं उलटली.

"पोरी, जुन्या पुस्तकात चार नंबरचं एक पान होतं ना? लाल चौकटीतलं. मी काही कधी वाचलं नाही, पण होतं."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. आणि म्हटलं, "आता त्याची गरज नाही, चिचो दान्यो. दुरुस्त झालंय ते."

"बरं झालं बाई," ते म्हणाले. आणि जुनं पुस्तक माझ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकलं. वरून हाडांची पिशवी.

मी काढून घेतलं नाही. बसने घरी आले.

अठरा तारखेला, बुधवारी दुपारी, ऑफिसातले दिवे गेले. शहराच्या आमच्या बाजूची सगळी वीज गेली होती, कारखानाही त्याच लाईनवर. पाचेक मिनिटांनी परत आली. मी घड्याळ बघितलं.

बारा चाळीस.

आणि एक क्षणभर तो वास आला. दारातून कोणीतरी घाईत निघून जावं तसा. मग गेला.

मी फोन उचलला. कारखान्याचा नंबर निम्मा दाबला. काय सांगणार होते? की मी खोटं बोलले? फोन खाली ठेवला. दुपारी तीनपर्यंत मी तीनदा उचलला आणि तीनदा ठेवला. मग तोच वाजला. मी घेतला नाही, कामेनने घेतला. त्याचा चेहरा आधी पडला आणि मग उजळला.

"चिचो दान्यो चार नंबरमध्ये अडकले होते," तो म्हणाला. "निघाले बाहेर. ठीक आहेत."

शुक्रवारी चिचो दान्यो स्वतः ऑफिसात आले. दोन्ही कान लाल, बोटांना पट्ट्या. पिशवीतून घरी गाळलेल्या राकियाची, म्हणजे फळांच्या दारूची, बाटली काढली, आणि आतड्यात मांस भरलेली लुकान्का, चपटी, गडद, त्यांनी स्वतः वाळवलेली.

"कुठंय माझी पोरगी?" म्हणाले, आणि माझे दोन्ही गाल पकडून मुके घेतले.

मग बसून सगळं सांगितलं.

"मी आत आणि दिवे गेले. म्हटलं, येतील. अंधारात टकटक ऐकू आली. वाटलं, कोणी बाहेरून ठोकतंय. मी ओरडलो. उत्तर नाही. नुसतं टक टक, मध्येच थांबायचं, पुन्हा टक टक. मग दिवे आले. बटण दाबलं. मेलेलं. पुन्हा दाबलं. घंटा नाही, काही नाही. तेव्हा म्हटलं, दान्यो, गेलास तू. आणि मग दारावर तो कागद दिसला. बरोबर डोळ्यांसमोर. एवढा मोठा कागद मला आधी कसा दिसला नाही, देव जाणे. म्हातारा झालो."

"कागद?" मी विचारलं.

"अगं, तूच लावलेला. त्या दिवशी आलीस तेव्हा लावून गेलीस, खरं ना? खिट्टी कुठे आहे, कशी फिरवायची, सगळं लिहिलेलं. आणि डोकं बघा हिचं," ते कामेनला म्हणाले, "टेप नाही वापरली. उणे विसात टेप चिकटत नाही. चरबीने चिकटवला होता."

मी ते बोट कपड्याला पुसलं.

कामेन माझ्याकडे बघत होता. मग त्याने मोबाईल काढला. "आमच्या कंपनीत माणसाचा जीव पहिला, चिचो दान्यो. बाकी सगळं नंतर," तो म्हणाला. "या, नेवेनाच्या शेजारी उभे राहा. लुकान्का वर धरा जरा."

फोटो निघाला. त्यात मी हसते आहे.

चिचो दान्योंनी लुकान्का कापली, राकिया ओतली. पहिली फोड माझ्या हातात दिली. सगळे माझ्याकडे बघत होते. त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं. 'मी नाही लावला.' एवढंच.

मी फोड तोंडात टाकली.

तोच वास. तोच गोडसरपणा. दातांमध्ये चरबी फुटली आणि जिभेवर पसरली. बाकीचे चवीने खात होते, वाहवा करत होते. मी चावून गिळलं. चिचो दान्योंनी दुसरी फोड दिली. तीही गिळली.

जाताना त्यांनी तो कागद घडी उलगडून मला दिला. "ठेव. आठवण."

तेलकट, पारदर्शक झालेला कागद. लेल्या रूझांचंच पान होतं, लाल चौकटीतलं, शब्दन् शब्द तेच. मी मुळासकट उपटलेलं. आणि खाली कोपऱ्यात, जुनी यंत्रणा छापायची तसा, एक क्रमांक.

नोंद ४१२८.

मी तो क्रमांक दहा वेळा वाचला. जुनी यंत्रणा ४१२७ वर बंद झाली होती. चिठ्ठी माझ्याच हातची होती.

शनिवारी ऑफिसला सुट्टी असते. मी सकाळी एकटी गेले. कपाटातून पिशवी काढली. गाठ मी मारलेली तशीच होती, चिठ्ठी तशीच. डिस्क जोडली आणि शेवटची नोंद उघडली.

४१२८.

नाव : रूझा.

तारीख अठरा मार्च. वेळ बारा चाळीस.

"वाचा. मग करा."

बंद डिस्क, पिशवीत, कपाटात. नोव्हेंबरात गेलेली बाई.

मग यादी काढली. लेल्या रूझांच्या नावासमोरचं माझं नाव खोडलं, त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, आणि सगळं काम पहिल्यापासून पुन्हा केलं. संध्याकाळपर्यंत अकरा वर्षं त्यांच्या नावावर परत गेली. कोठी चारचं पानही परत आलं. ते मी छापलं, आणि सोमवारी स्वतः जाऊन कोठीच्या दाराला खिळ्यांनी ठोकलं.

कामेनला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "वेडी आहेस का? त्या फोटोला चारशे लोकांनी पसंती दिलीय. आता नाव बदलून काय मिळणार? मेलेल्या बाईला काय फरक पडतो?" मी त्याच दिवशी नोकरी सोडली. निघताना डिस्क पर्समध्ये घातली. तिचं काही त्याला पडलेलंच नव्हतं.

चिचो दान्योंना मात्र समोर बसून सगळं सांगितलं. पान मी काढलं हे. दुरुस्त झालंय असं खोटं बोलले हे. तीनदा फोन उचलून ठेवला हे. कागद मी लावला नाही हे. डिस्कचंही सांगितलं.

ते हसले नाहीत. कानटोपी काढली. ग्लासातली थोडी राकिया जमिनीवर ओतली, तिच्यासाठी. "देव तिला क्षमा करो," म्हणाले.

मग माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, "पण मग माझी लुकान्का का खाल्लीस?"

मी त्यांचा ग्लास पुन्हा भरला.

याला आता दोन वर्षं झाली. मी मांस खात नाही. खायला गेलं तरी जात नाही. डिस्क माझ्या घरी आहे, बाल्कनीतल्या कपाटात, तीन पिशव्यांमध्ये गुंडाळलेली. पुन्हा कधी जोडली नाही. दोन वर्षं काहीच झालं नाही, म्हणून वाटलं होतं की संपलं.

आज सकाळी कॉफी घ्यायला उठले तर घरभर वास...

बाल्कनीकडे गेले तर तिथे जास्त. कपाटाच्या फटीतून काहीतरी पांढरं ओघळून गोठलं आहे. मी हात लावलेला नाही.

चिचो दान्योंना फोन केला. अजून तिथेच काम करतात. म्हटलं, "आज कोठीत जाऊ नका. कुणालाच जाऊ देऊ नका. वास येतोय."

पलीकडून त्यांनी विचारलं, "कुठल्या कोठीत, पोरी? माझी सहाही कोठ्यांत माणसं आहेत."

ते कळायला मला डिस्क जोडून शेवटची नोंद उघडावी लागणार आहे.